मी पायाळू होते तेव्हा

आमच्या गावात सरपंचांना लाथ मारण्याचा अधिकार फक्त मला होता, आणि तोही त्यांच्याच विनंतीवरून. थंडीच्या दिवसांत ते भल्या सकाळी आमच्या ओसरीवर यायचे, अंथरलेल्या पोत्यावर पालथे पडायचे आणि म्हणायचे, "हां यमू, हान." मी उजव्या पायानं त्यांच्या कमरेत लाथ घालायची. फार हळू घातली तर ते रागवायचे, जोरात घातली तर आत्या रागवायची. मग ते उठून कमरेला दोन हिसके देऊन बघायचे आणि धोतर सावरत माझ्या पायांना हात लावून नमस्कार करायचे. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. नाक पुसायला मला आठवण करावी लागायची, आणि गावचा सरपंच माझ्या पाया पडायचा. याचं कारण एकच, मी पायाळू होते. बाकीची मुलं आईच्या पोटातून डोक्यानं बाहेर येतात, मी पायांनी आले होते. अशा मुलाची लाथ बसली की पाठीत भरलेली उसण निघते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. अशा मुलाला जमिनीखालचं पाणी कळतं, पुरलेलं धन कळतं, आणि आभाळातली वीज त्यालाच हुडकत येते, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पावसाळ्यात गडगडायला लागलं की आत्या मला घरात ओढायची, दार लावायची आणि पाटावर बसवून ठेवायची. पाय जमिनीला टेकवायचे नाहीत, अशी ताकीद असायची.

आमचं गाव पाटोद्याच्या अलीकडं, डोंगराच्या कुशीत. दिवाळी झाली की निम्म्या गावाला कुलपं लागायची. नवरा-बायकोच्या जोड्या ऊस तोडायला कारखान्यांवर जायच्या. जोडीलाच कोयता म्हणायचे, 'आमच्या गल्लीतून अमुक कोयते गेले' असं माणसं बोलायची. माझे आई-वडीलही जायचे. मागं उरायची म्हातारी माणसं, आमच्यासारखी पोरं, आणि कुलपं लावलेल्या दारांपुढं बसून राहिलेली कुत्री. त्या दिवसांतला गावाचा आवाज मला अजून ऐकू येतो, म्हणजे खरं तर न येणारा आवाज. गल्लीत एखादी कडी वाजली तरी सगळ्यांच्या माना वळायच्या. दुपारी तर गाव इतकं गप्प व्हायचं, की चार घरं पलीकडच्या म्हाताऱ्याचा खोकला आमच्या माजघरात ऐकू यायचा. उरलेली सगळी माणसं वयस्कर, सगळ्यांच्या कमरा धरलेल्या, त्यामुळं माझा पाय मात्र रिकामा नसे.

मला सांभाळायला माझी आत्या होती. वडिलांची थोरली बहीण. लग्न करून गेली होती आणि परत आली ती कायमचीच. का, ते घरात कुणी बोलत नसे. मी विचारलं की ती म्हणायची, "तुला भाकरी घालाया आले, आन् कावून?" अंगानं किडकिडीत, आवाजानं मात्र दांडगी. तिच्या हातची येसराची आमटी मी नंतर कुठंच खाल्ली नाही. भाजलेल्या डाळी-मसाल्यांचा तो काळपट येसर ती उकळत्या पाण्यात सोडायची, तेव्हा ओसरीवर लाथ खायला आलेला माणूसही आत डोकावून जायचा. भाकरी थापताना ती माझ्याशी भांडायची, कारण दुसरं कुणी नव्हतंच. ज्या पोरीवर गाव जीव टाकतं त्या पोरीसारखं मी वागावं, असं तिला अजिबात वाटत नसे. "पाय पवित्र हायत तुझे, हात न्हाईत. भांडी घास," म्हणायची.

पाण्याचं सांगायचं राहिलं. ज्याला विहीर काढायची तो मला शेतात न्यायचा. मी चपला काढून अनवाणी चालत राहायची आणि तळव्यांना गार लागलं की थांबायची. तिथं खुंटी ठोकायचे. मला खरंच गार लागायचं. पुढं मी शिकले, तीस-एक वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, अंधश्रद्धेवर पोरांना भाषणं लिहून दिली. तरी हे खोडायला माझा हात धजत नाही. काही विहिरींना पाणी लागलं, काहींना खडक लागला. लागलेल्या विहिरी लोकांच्या ध्यानात राहिल्या, न लागलेल्या विसरल्या, इतकं मला आज कळतं. पण पुढं एका दुपारी माझ्या पायांना जे लागलं ते यात कुठंच बसत नाही.

मी निवृत्तीनंतर मुलांसाठी अद्भुत गोष्टी लिहायला लागले, हे माझ्या वाचकांना माहीत आहे. कुणाला भिंतीपलीकडचं दिसतं, कुणाला पाखरांची भाषा येते. शाळांमध्ये गेले की मुलं विचारतात, "बाई, अशी शक्ती आम्हाला कशी मिळेल?" मी हसून वेळ मारून नेते. अंगात काही वेगळं आहे असं एकदा लोकांना कळलं, की ते मूल आपल्या आई-बापाचं राहत नाही, हे आठ-दहा वर्षांच्या लेकराला कसं सांगायचं?

शिमगा होऊन गेला होता. ऊन तापायला लागलं होतं, अंगणात आत्याच्या कुरडया वाळत होत्या. आत्या सकाळीच पाटोद्याच्या बाजाराला म्हणून एसटी गाठायला फाट्यावर गेली होती. मी कुरडयांवरचे कावळे-चिमण्या हाकलत बसले होते. तेवढ्यात सरपंचांची जीप दारात थांबली.

"यमू, ईहिरीची जागा दावायची हाय. बस."

"आत्या बाजारला गेलीय."

"आत्याला फाट्यावर भेटलो की. ती म्हनली, न्या."

मी बसले. जीपमध्ये बसायला मिळतंय याचाच आनंद जास्त. आत एक अनोळखी माणूस होता, भगव्या कपड्यांतला, दाढीला मेंदी लावलेला. सरपंच त्याला बाबा म्हणत होते. तो माझ्या तोंडाकडं बघतच नव्हता, सारखा पायांकडं बघत होता. जीप मळ्यांच्या रस्त्याला न लागता ओढ्याकडं वळली. ओढ्याच्या अंगाला एक पडकी गढी होती. निजामाच्या अमदानीत कुणा देशमुखानं मोहरांचे हंडे तिथं पुरून ठेवले आणि तो परत आलाच नाही, अशी गोष्ट गावात सांगत. त्या बाजूला कुणी गुरंही नेत नसे.

गढीच्या मागं दोन माणसं खोरी-टिकाव घेऊन उभी होती. बाबानं पिशवीतून एक हिरवा फ्रॉक काढला. "हे घाल अंगात, पोरी." विहिरीची जागा दाखवायला कुणी नवे कपडे देत नाही, हे मला कळत होतं. पण त्या फ्रॉकला लेस होती. तशी लेस मी फक्त पाटोद्याच्या दुकानात टांगलेली पाहिली होती. भिंतीआड जाऊन मी तो घातला. मग मला गूळ-खोबरं दिलं, कपाळभर कुंकू लावलं, दोन्ही पावलांना हळद लावली. ताटात लिंबं होती, बेलाची पानं होती, भंडाऱ्याची वाटी होती. आणि त्या सगळ्याच्या पलीकडं एक खड्डा आधीच खणून ठेवलेला होता. विहिरीच्या मानानं तो फारच लहान होता, माझ्या मानानं बेताचा.

"ईहीर कुठं काढायची?" मी विचारलं.

"ईहीर न्हाई," बाबा म्हणाला. "खाली धन हाय. तू चालत जा आन् तुला जिथं कळंल तिथं हुबी ऱ्हा. मंग त्या धनाला तुझा मान द्यायचा."

सरपंच आभाळाकडं बघत होते. नेहमी माझ्या पाया पडणारा माणूस माझ्या डोळ्याला डोळा देत नाही, हे पाहिल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली. आत्या पोरांना घाबरवायला सांगायची ती गोष्ट मला आठवली. धनाचा राखणदार असतो, तो फुकट काही देत नाही, पायाळू पोर मागतो. तोंडातलं खोबरं मी हळूच थुंकून टाकलं.

मी चालायला लागले. दुपार टळटळीत होती, सावल्या पायांखाली गोळा झालेल्या. बाभळीत कुठंतरी होला घुमत होता, तो मध्येच गप्प झाला. काळी माती तव्यासारखी तापली होती. मी रडत नव्हते, पण फ्रॉकची लेस मुठीत धरली होती. आणि तेवढ्यात खालून कुणीतरी माझ्या तळव्यांना आपले तळवे लावले.

हे मी विचार करून लिहिते आहे. ते गार पाणी नव्हतं, दगड नव्हता. टाचेला टाच, अंगठ्याला अंगठा, बोटांना बोटं. कोमट आणि किंचित ओले, आंघोळ करून आलेल्या माणसाचे असतात तसे. माझ्या पायांखाली, मातीत, उलटं होऊन कुणीतरी उभं होतं. मी पाऊल उचललं की तिथं काही नसायचं, टेकवलं की ते तळवे नेमके तिथं हजर. खड्ड्याच्या दिशेनं पाऊल टाकलं की ते मला वर रेटायचे, आतून कुणी दार दाबून धरावं तसे. मी वळून वाटेकडं चालू लागले, तशी ती पावलं माझ्याबरोबर खालून चालू लागली. मला ओरडायला हवं होतं. पण खरं सांगते, त्या सगळ्या माणसांत मला त्या पायांचाच आधार वाटला.

"तिकडं न्हाई! हिकडं!" बाबा ओरडला. सरपंचांनी येऊन माझा दंड धरला आणि खड्ड्याकडं ओढायला सुरुवात केली. हळदीचे पाय मातीत घासत मी ओढली जात होते.

"सरपंच, चुकीची पोर आनलीत तुमी."

आत्या गढीच्या पडक्या भिंतीपाशी उभी होती. तिची एसटी चुकली होती. घरी येऊन बघते तर मी नाही, आणि समोरच्या म्हाताऱ्यानं जीप ओढ्याकडं गेल्याचं सांगितलं. ती सगळी वाट पळत आली होती, छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. पण आवाज एकदम शांत. माझ्यावर ओरडणारी ही बाई इतक्या हळू बोलू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

"राधाबाई, तुमी घरी जा," सरपंच म्हणाले.

"जाते की. पन ती पायाळू न्हाई, एवढं ऐकून घ्या. जुळ्या झालत्या माझ्या भावजयीला. पैली पायानं आली, ती रडलीच न्हाई. तिच्या मागून ही आली, डोक्यानं. सुईन बाहीर येऊन 'पायाळू, पायाळू' वरडली आन् मेलेल्या पोरीचं नाव हिला चिकटलं. लोकं शेंगा-गूळ घिऊन लाथा खायला याया लागले. आमी कावून सांगावं?"

"मंग माझी उसन कशी निघाली?"

"ती म्हशीच्या लाथंनं बी निघाली आसती, सरपंच."

टिकाववाल्यांपैकी एकजण हसला. "गप बे," सरपंच त्याच्यावर खेकसले, पण माझ्या दंडावरची त्यांची पकड सैल झाली होती. बाबा मात्र पक्का होता. त्यानं ताट पुढं केलं. "बेल-भंडार उचल. मंग मानतो."

आत्यानं बेलाचं पान उचललं, भंडाऱ्यानं मूठ भरली आणि ती मूठ कपाळाला लावली. "खोटं बोलत आसंन तर माझा वंस बुडू दे. माझ्या पोटचं मातीआड जाऊ दे." मग ओढ्याकाठच्या बाभळीकडं बोट करून म्हणाली, "ती पोर तिथंच पुरलीय. इश्वास नसंल तर तिला ईचारा."

बाबाच्या तोंडचं पाणी पळालं. "हितं लेकरू पुरलेलं हाय? आन् तुमी मला सांगितलं न्हाई?" तो सरपंचांवरच उलटला. पहिली आंघोळही न झालेलं मूल पुरलेल्या जागी धन काढायला गेलं तर काढणाऱ्याचंच घर बसतं, असं काहीतरी तो पुटपुटत होता. त्यानं लिंबं गोळा केली, ताट आवरलं. एक लेकरू खड्ड्यात घालायला निघालेली ही माणसं, पण भंडारा उचलून बाई खोटं बोलेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. जीप धुरळा उडवत गेली. आज अशा माणसांसाठी कायदा आहे. त्या दुपारी आत्याची एक मूठ हळद होती.

घरी येईपर्यंत तिनं माझं मनगट सोडलं नाही. आल्या आल्या फ्रॉक अंगातून ओढून काढला आणि चुलीत घातला, लेससकट. त्याचं मला फार वाईट वाटलं, ते आज सांगायला लाज वाटत नाही. मग ती धपाटे थापायला बसली. एकही धपाटा गोल झाला नाही. मी ते सगळे खाल्ले.

मी पायाळू नाही ही बातमी दोन दिवसांत गावभर झाली. ओसरीवरचं पोतं आत्यानं उचलून ठेवलं. मला त्याचं दुःख झालं नाही, कारण मला एक बहीण मिळाली होती. माझ्याबरोबर कुणीतरी होतं, आणि अजून आहे, हे मला रात्रंदिवस आतून गोड वाटत राहिलं. एकट्या पडलेल्या मुलाला सोबत मिळाली की ती कुठून आली हे ते विचारत नाही. मी मनातल्या मनात तिच्याशी बोलायची. तिचं नाव गंगा ठेवलं होतं, मी यमुना म्हणून.

पाडव्याच्या सुमाराला कोयते परतले. आई आली ती काळीठिक्कर होऊन, हातांना उसाच्या पात्यांचे चरे पडलेले. तिचं डोकं मी तेल लावून चोळत होते तेव्हा विचारलं, "आई, माझ्यासंगट जी झालती, ती कशी दिसायची गं?"

"कोन झालती?"

मी सगळं सांगितलं. आई हळूहळू सरळ बसली. तिनं मला इतकं घट्ट जवळ ओढलं की तेलाची वाटी कलंडली. ती म्हणाली, "जुळं-बिळं काय न्हाई बाई. एकटीच आलीस तू. आन् पायानंच आलीस."

"मंग ओढ्यावर कोन हाय?"

आईनं चुलीकडं बघितलं. तिकडं आत्या पाठमोरी बसून भाकरी थापत होती. आई माझ्या कानाशी बोलली. तू व्हायच्या आधी आत्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलती. मुलगी झाली, पायानं. रडली नाही. तुझ्या बापानंच नेऊन पुरली. सासरच्यांनी मग आत्याला न्यायला माणूसच पाठवला नाही. "तिला काय ईचारू नगंस," आई म्हणाली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटून घेतले.

आत्यानं त्या दिवशी भंडारा उचलून जे बुडू दे म्हटलं होतं ते आधीच बुडालेलं होतं. पोटच्या पोरीची गोष्ट वर्षानुवर्षं तिनं ओठांबाहेर येऊ दिली नव्हती. ती तिनं त्या चार पुरुषांपुढं उघडी केली आणि माझ्या आईच्या नावावर घातली, मला वाचवायला. माझ्या आयुष्यात माझ्यावर कुणी केलेलं हे सगळ्यात मोठं प्रेम. ते समजण्याइतकी मी तेव्हा मोठी नव्हते, पण त्या रात्री मी आत्याच्या वाकळेत शिरून झोपले, आणि तिनं मला हाकललं नाही.

मी तिला काही विचारलं नाही. विचारलं तिनंच. उन्हाळ्यात वाकळा धुवायला आम्ही ओढ्यावर गेलो होतो. डोहात थोडंसं पाणी उरलं होतं. वाकळ उचलायला म्हणून मी बाभळीच्या बाजूला गेले आणि जागच्या जागी थांबले. ते तळवे आले होते. या वेळी मी घाबरले नाही, हललेही नाही.

"कावून हुबी ऱ्हायलीस उन्हात?" आत्या ओरडली.

"हितं कुनीतरी हाय, आत्या. खालून पाय लावतंय."

मला वाटलं ती धपाटा घालेल. ती हातातली वाकळ टाकून आली. माझ्या पायांकडं बघत राहिली. तिच्या ओल्या लुगड्याचं पाणी मातीत ठिबकत होतं.

"त्या दिवशी बी लागलते?"

"व्हय. खड्ड्याकडं जाऊ देत नव्हते."

ती माझ्या पायांशी खाली बसली. मग अगदी लहान आवाजात तिनं विचारलं, "केवढे हायत गं पाय?"

मी टाचेला टाच जुळवली. बोटं ताणून बघितली. तरी खालची बोटं माझ्या बोटांच्या पुढं जात होती.

"माझ्याहून जरा मोठे हायत."

"व्हय," आत्या म्हणाली. "मोठीच हाय ती तुझ्याहून."

तिनं मला हातानं बाजूला केलं, चपला काढल्या आणि मी उभी होते तिथं, माझ्याच पावलांच्या ठशांवर, ती अनवाणी उभी राहिली. डोळे मिटलेले. ओढ्यात पाखरू नव्हतं.

"लागतंय का?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. पण ती हलली नाही. उरलेल्या वाकळा मी एकटीनंच धुतल्या, पिळता आल्या नाहीत म्हणून पाणी गळत असतानाच खडकावर पसरल्या. त्या वाळल्या, तरी ती तिथंच उभी होती.